टॅक्सीवाल्याचा फोन आला का?

दर रविवारी आमच्या सकाळी म्हणजे कोल्हापुरातल्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल येतो. पोरगी जेवली का, बर्फ वितळला का, गाडी हळू चालवतोस ना, हे सगळं झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला, "आरं, त्या टॅक्सीवाल्याचा फोन आला का?" आणि माझं उत्तरपण ठरलेलं. न्हाई आला.

ऐकणाऱ्याला वाटेल मी कुठल्यातरी ड्रायव्हरकडं पैसे अडकवून बसलोय. पैसे अडकलेत हे खरंच, पण टॅक्सीवाला म्हणजे टॅक्सीडर्मिस्ट, मेलेल्या जनावराचं कातडं साच्यावर चढवून ते जिवंतासारखं करून देणारा. २०२३ च्या नोव्हेंबरात मी एक हरीण मारलं, त्याचं मुंडकं भिंतीवर लावायला म्हणून एका माणसाकडं दिलं, आणि आता २०२५ चा एप्रिल चालू आहे. आईला तो शब्द पहिल्यांदा सांगितला तेव्हा तिनं त्यातला ओळखीचा तेवढा भाग उचलला, बाकीचा सोडून दिला, तेव्हापासून घरात सगळे टॅक्सीवालाच म्हणतात. लेकीनं तर शाळेत सांगितलं की आमच्या बाबांचं हरीण टॅक्सीवाल्याकडं राहतं, मग टीचरचा ईमेल आला की घरी सगळं ठीक आहे ना.

आता शिकार म्हटल्यावर आपल्याकडची माणसं दचकतात आणि दचकायलाच पाहिजे, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आपल्या रानात उरलंयच किती. पण मी राहतो विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनजवळ, आणि इथं पांढऱ्या शेपटीची हरणं म्हणजे व्हाइटटेल पंधरा लाखांच्या वर आहेत, माझ्या एका गाडीचा बंपर आणि दुसऱ्या गाडीचा हेडलाइट हरणांनीच घालवलाय. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथं नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन उघडतो, पाच लाखांच्या वर माणसं लायसन काढून रानात जातात, शाळेत पोरं कमी, ऑफिसात मीटिंगला कोणी नाही, आणि कायद्यानं कमरेच्या वर निम्मे तरी कपडे भडक केशरी नाहीतर भडक गुलाबी पाहिजेत म्हणून गावोगावच्या पेट्रोल पंपावर सगळीकडं केशरीच केशरी. पहिल्या वर्षी मी आईला फोटो पाठवला होता तर म्हणाली, अगंबाई, शिवजयंतीची मिरवणूक आहे का रं तिकडं.

मला ह्यात ओढलं ऑफिसातल्या एका दोस्तानं. त्याच्या सासऱ्यांचं रिचलंड काउंटीत शेत आहे, मका, सोयाबीन, मागं डोंगर आणि ओकची झाडी. मी म्हटलं अरे मी अजून एच-वन-बीवर आहे, मला बंदूक हातात धरली तर उचलून न्यायचे. तर वाचल्यावर कळलं की माझ्यासारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला फेडरल कायद्यानं बंदी आहे, पण राज्याचं चालू हंटिंग लायसन असेल तर त्यातून सूट आहे! म्हणजे ह्या देशात मला कायमचं राहायची परवानगी नाही, ग्रीन कार्डच्या रांगेतली माझी तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट २०१४ ची, दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडून बघायचं आणि बंद करायचं, पण हरीण मारायची परवानगी २४ डॉलरमध्ये मिळाली. त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागला, १९७३ च्या एक जानेवारीला किंवा नंतर जन्मलेल्या सगळ्यांना तो लागतो, वर्गात सगळी दहा-बारा वर्षांची पोरं आणि मधे मी, टक्कल पडलेला. परीक्षेत पास झालो. पहिला नंबर मात्र एका अकरा वर्षांच्या मुलीचा आला.

शिकारीची कथा रंगवून सांगत नाही, ती सांगणारे इथं रग्गड आहेत. एवढंच सांगतो की त्या हरणाला आम्ही ओळखत होतो. शेतावर झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात तो दोन वर्षं दिसत होता, मोठा नर, आठ टोकांची शिंगं, आणि डाव्या कानाला टोकाजवळ एक खाच, व्ही आकाराची, कुठं तारेत अडकला असेल नाहीतर भांडणात फाटला असेल. मी त्याला कानतुट्या म्हणायचो. दोस्ताच्या सासऱ्यांनी ते नाव उचललं, त्यांच्या तोंडात त्याचं कांटूटिया झालं आणि मेक्सिकन गाव असल्यासारखं वाटायला लागलं. तर कानतुट्या १८ नोव्हेंबरच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मक्याच्या कडेनं आला, सत्तर यार्डांवर, आणि मी एक गोळी मारली आणि तो चाळीस पावलांवर पडला. माझे हात नंतर अर्धा तास थरथरत होते, थर्मासचं झाकण उघडेना. पुढचं नको.

आता चूक सांगतो, कारण ह्या सगळ्या वाट बघण्यात निम्मा दोष माझाच आहे.

त्या वर्षी ओपनिंग वीकेंडला म्हणावी अशी थंडीच नव्हती. शनिवारी हरीण टांगलं, फोटो काढले, सगळ्या ग्रुपवर टाकले, रविवारी मांसाची वाटणी झाली, आणि मुंडकं खांद्यापर्यंतच्या कातड्यासकट, त्याला इथं केप म्हणतात, मी एका टबात घालून गॅरेजमध्ये ठेवलं. सोमवारी मीटिंग होती. मंगळवारी नेऊन दिलं. तीन दिवस. त्यातून शेतावरून ओढून आणताना मी खडीच्या रस्त्यावरून ओढलं, मानेची उजवी बाजू खाली. त्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाकायला पाहिजे होतं नाहीतर थेट दुकानात न्यायला पाहिजे होतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, मी फोटो टाकण्यात गुंतलो होतो.

मांसाचं सांगायचं राहिलं. इथं हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा रोग आहे, मेंदूचा, विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली पहिल्यांदा सापडला, तोही आमच्याच काउंटीत माउंट होरेबजवळ, त्यामुळं ह्या भागात हरणाच्या घशामागच्या लिम्फच्या गाठी काढून टेस्टला देतात, वनखातं फुकट करून देतं, आणि रिझल्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये पडून. ती माझी पहिली वाट बघणं. दोन आठवड्यांत रिझल्ट आला, रोग नाही. मग कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी घालून सुकं केलं. हरणाच्या मांसाला चरबी नसते, कोरडं होतं, त्यामुळं खोबरं जरा सढळ लागतं आणि मंद आचेवर दीड तास. दोस्ताचे सासरे तीन वेळा वाढून घेतले आणि नाक पुसत राहिले.

तर मंगळवारी टॅक्सीवाल्याकडं गेलो. गावाबाहेर घर, घरामागं पत्र्याची शेड, आत माणूस एकटा, सत्तरीचा, आधी गाईंचा गोठा होता त्याचा, गाई विकल्या आणि हे पूर्णवेळ चालू केलं. सीझनच्या पहिल्या चार दिवसांतच फ्रीजर भरलेला. त्यानं टेप काढला, डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत मोजलं, सव्वासात इंच, मग मानेचा घेर, वीस. नोव्हेंबरात नरांची मान सुजल्यासारखी जाड होते, माजावर असतात ना, त्यामुळं ऑक्टोबरात मारलेल्या आणि नोव्हेंबरात मारलेल्या हरणाचं माप वेगळं येतं म्हणे. मग विचारलं, कुठं बघायला पाहिजे? मी गोंधळलो. म्हणजे मान कुठं वळलेली पाहिजे. घरी सोफा जिथं आहे ते डोळ्यांपुढं आणलं आणि सांगितलं, त्याच्या डावीकडं. साडेसातशे डॉलर, अर्धे आगाऊ, कार्बन कॉपीची पावती, नंबर १४७, आणि दहा ते बारा महिने.

घरी येऊन त्याच संध्याकाळी मी भिंतीत जाड स्क्रू मारला. बायको म्हणाली एवढी घाई कशाला. डिसेंबरात कालनिर्णय आलं, इंडियन स्टोअरमधून, तिनं ते त्या स्क्रूला अडकवलं.

पेंढा भरलेला वाघ मी पहिल्यांदा बघितला तो न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये, कोल्हापुरातल्या प्रत्येक पोरानं बघितलाय. शाळेची सहल, ओळीत चाला, हात लावू नका, आणि काचेमागं वाघ, बिबटे, गवे, जबडे उघडलेले. आमचं संस्थानच शिकारीचं, पाळलेले चित्ते सोडून काळवीट धरायचे, त्या चित्त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, आणि आजचं राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य म्हणजे महाराजांचं शिकारीचं रानच. आमचे आबा म्हणायचे की आत पेंढा आहे म्हणून उंदीर लागतात. ती गोष्ट मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत खरी मानत होतो. प्रत्यक्षात पेंढा केव्हाच गेला, म्हैसूरला व्हॅन इंगेनचा कारखाना होता, राजेरजवाड्यांचे आणि साहेबांचे चाळीस हजारांवर वाघ-बिबटे त्यांनी केले असं सांगतात, १९९९ ला बंद झाला, तेसुद्धा कागदाच्या लगद्याच्या साच्यावर कातडं चढवायचे. इथं आता फोम येतो, पिवळट, हलका, माप सांगून कंपनीकडून मागवायचा. खरं हरणाचं म्हणून उरतं ते कातडं आणि शिंगं. डोळे काचेचे, कानात प्लास्टिक, नाकावर रंग.

हे सगळं मला वाट बघताना कळलं. वाट बघणाऱ्या माणसाला वाचायला वेळ भरपूर असतो.

पहिले सहा महिने मी फोनच केला नाही. मग मे महिन्यात केला तर व्हॉइसमेल भरलेला. जूनमध्ये एकदा उचलला आणि "टॅनरीत आहे" एवढं बोलून ठेवला. मला वाटलं टाळतोय. नंतर समजलं की बहुतेक सगळेच टॅक्सीडर्मिस्ट कातडी स्वतः कमावत नाहीत, सोलून, मांस खरवडून, मीठ लावून, वाळवून गठ्ठ्यानं टॅनरीला पाठवतात, आणि तिथं देशभरातून गठ्ठे येतात, चार-सहा महिने सहज जातात, ह्याच्या हातात काही नसतं. म्हणजे ह्याचाही एक टॅक्सीवाला आहे.

पण तेवढं समजेपर्यंत माझ्या डोक्यात किडे वळवळायला लागले होते आणि दोस्तानं त्यात तेल ओतलं. म्हणाला, तुला जॉर्डनचा बक माहीत नाही? विस्कॉन्सिनमध्ये ही गोष्ट शेंबड्या पोराला माहीत असते. १९१४ च्या नोव्हेंबरात जेम्स जॉर्डन नावाच्या माणसानं इथंच उत्तरेला डॅनबरीजवळ एक हरीण मारलं, अवाढव्य, आणि जवळच्या वेबस्टर गावातल्या टॅक्सीडर्मिस्टनं पाच डॉलरमध्ये करून देतो म्हटल्यावर मुंडकं त्याच्याकडं दिलं. तो माणूस गाव सोडून मिनेसोटात गेला. मुंडकंही गेलं. जॉर्डन वाट बघत बसला, मग नाद सोडला. चाळीसेक वर्षांनी मिनेसोटातल्या सँडस्टोन गावात जुन्या सामानाच्या विक्रीत एकानं धुळीनं भरलेलं मुंडकं तीन डॉलरला घेतलं, सहज शिंगं मोजली तर जागतिक विक्रम, २०६ आणि वर एक अष्टमांश गुण. आणि हे ज्यानं घेतलं तो जॉर्डनचाच लांबचा नातेवाईक! १९६४ मध्ये जॉर्डननं ते बघितलं आणि म्हणाला, हे माझं हरीण. लोकांनी मान हलवली, कागद कुठंय? १९७८ च्या डिसेंबरात शिकारीच्या नोंदी ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबनं शेवटी त्याचं नाव लावलं, आणि तो त्याच्या दोनेक महिने आधी गेला होता. विक्रम १९९३ पर्यंत टिकला, मग कॅनडातल्या सस्कॅचेवनमधल्या एका शेतकऱ्यानं मोडला.

चौसष्ट वर्षं. आपलं ग्रीन कार्ड लवकर येईल म्हणायचं.

माझं हरीण काही विक्रमी नाही, त्या मोजणीत १३० च्या आसपास, क्लबच्या विक्रमांच्या बुकात जायला १७० लागतात. म्हणजे कुणी चोरायचा प्रश्न नाही. तरी त्या रात्री मी पावती शोधली, दिवाळीच्या पणत्यांच्या डब्यात सापडली, आणि फोटो काढून ठेवला.

२०२४ च्या उन्हाळ्यात आई आली, ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी म्हटलं चल, आपण जाऊन उभंच राहू. आई नऊवारीत, पायात माझे स्नीकर्स. शेडमध्ये शिरलो, म्हातारा कामात होता, मान वर करून म्हणाला, १४७? म्हणजे नंबर लक्षात होता. मला जरा शरमल्यासारखं झालं.

टेबलावर कुणाचंतरी दुसरं हरीण चालू होतं. फोमच्या मुंडक्यावर मातीनं डोळ्यांभोवतीचा भाग घडवलेला, त्यात काचेचे डोळे, आणि तो एक छोटी लेव्हल, गवंडी वापरतात तसली पण बोटाएवढी, डोळ्यासमोर धरून बघत होता. मी विचारलं हे कशाला. तर हरणाची बाहुली आडवी असते, लांबट, आणि मुंडकं वर केलं तरी खाली केलं तरी ती जमिनीला समांतर राहते, नवशिके लोक डोळा मुंडक्याबरोबर फिरवतात आणि मग हरीण प्यायल्यासारखं दिसतं. एक डोळा त्यानं काढला, मातीचा एक ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा खालून दिला, परत बसवला. परत लेव्हल. परत काढला. आम्ही वीस मिनिटं उभे होतो आणि वीस मिनिटं तो एकच डोळा चालू होता.

मग ओठ. फोममध्ये तोंडाच्या रेषेवर एक चीर असते, ओठाची कड त्या चिरेत एका बोथट पात्यानं खोचत खोचत जायचं, आई माझ्या कानात म्हणाली, करंजी मुडपतोय बघ. आणि मानेवरनं मागं लांब शिवण, मेणाचा दोरा, जवळजवळ टाके, आईनं पुढं होऊन बोटानं चाचपलं आणि मान डोलावली, गोधडीची परीक्षा करावी तशी. मला म्हणाली त्याला विचार मीठ कुठलं वापरतो. मी विचारलं. बारीक, बिनआयोडीनचं, दोनदा लावायचं, पहिलं भिजलं की झाडून टाकायचं आणि परत चोळायचं. आई म्हणाली, बरोबर आहे, बोंबलासारखंच की. मग तिनं सांगितलं की आमच्याकडं चपलांचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात भिजवायचे, मी भाषांतर केलं, हिरड्याला काय म्हणायचं ते मला येईना, एक फळ म्हटलं. म्हातारा हातातलं काम ठेवून ऐकत बसला. मग गाईंवर विषय गेला. आईनं फोनमधली म्हैस दाखवली, त्यानं भिंतीवरचा १९९४ सालचा गाईंचा फोटो दाखवला, दूध किती, फॅट किती, असं दोघांचं माझ्यामार्फत अर्धा तास चाललं आणि माझ्या हरणाचा विषय कुणी काढेना.

शेवटी मीच काढला. तर तो मागं गेला आणि एक घडी केलेलं कातडं घेऊन आला. टॅनरीतून जुलैत परत आलेलं. उलगडून उजव्या कानाखाली बोट ठेवलं. तळहाताएवढा भाग, केसच नाहीत, नुसतं पांढुरकं चामडं. ह्याला हेअर स्लिप म्हणतात, कातडं वेळेवर थंड झालं नाही की त्यात जंतू वाढतात आणि केसांची मुळं सुटतात, आधी कळत नाही, टॅनरीच्या पाण्यात पडलं की गळून येतात. त्यानं मला काही बोललं नाही. फक्त विचारलं, किती दिवस ठेवलं होतंस? तीन, म्हटलं. त्यानं मान हलवली. आईनं मला विचारलं काय म्हणतोय, मी म्हटलं काही नाही.

त्यानं पर्याय दिला. दुसरा केप विकत घ्यायचा, त्याच्याकडं चांगली कातडी पडून असतात, लोक शिंगं ठेवतात आणि बाकीचं विकतात, दीडशे डॉलर जादा, शिंगं तुझीच, कातडं दुसऱ्या हरणाचं, कुणाला कळणार नाही, निम्म्या लोकांच्या भिंतीवर असंच असतं. मी म्हटलं कान? डाव्या कानाची खाच? तो म्हणाला तशी कापून देतो, त्यात काय.

घरी येताना गाडीत मी आईला सगळं सांगितलं. ती मिनिटभर बाहेरचा मका बघत राहिली, मग म्हणाली, म्हणजे फेटा तुझ्या पाव्हण्याचा आणि तोंड दुसऱ्याचं. मग ते तुझं हरीण कसं?

बायकोचं मत वेगळं होतं, ती म्हणाली टकलासकट गॅरेजमध्ये लाव.

मी चार दिवस विचार केला. खरं सांगू का, मला त्या नकली खाचेचाच राग आला होता. नवीन कातडं मी मान्य केलं असतं, चूक माझीच होती, पण कुणीतरी कात्रीनं चांगल्या कानाला कानतुट्याची खाच पाडणार आणि मी पाहुण्यांना ती दाखवून गोष्ट सांगणार, हे काही घशाखाली उतरेना. फोन केला, ह्या वेळी त्यानं उचलला. म्हटलं माझंच कातडं चढव, टक्कल राहू दे. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, माझ्या दुकानातून टकलं हरीण बाहेर जाणार नाही, लोक विचारतात कुणी केलं. म्हणजे त्याचंही नाक होतंच की ह्यात. मग त्यानंच तोड काढली, मान डावीकडं न वळवता त्याच्या उजवीकडं वळवू, उजवी बाजू आतल्या वळणात जाईल, वर सुट्या केपचे दोन छोटे तुकडे केसांची दिशा बघून शिवतो, आणि डावा कान पूर्ण समोर येईल. फक्त फोम नवीन मागवावा लागेल.

आणि तिथून पुढं परत तेच. फोम ऑक्टोबरात आला. नोव्हेंबरात नवीन सीझन, नवीन मुंडकी, सगळं जुनं काम बाजूला. मी त्या वर्षी एक मादी मारली, मुंडकं कुणाला दिलं नाही, मांस खाल्लं. जानेवारीत म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन. २०२५ चं कालनिर्णय आलं, त्याच स्क्रूवर गेलं. मार्चमध्ये बायकोच्या लक्षात आलं की आता हरीण सोफ्याकडं न बघता स्वयंपाकघराकडं बघणार, आणि ती म्हणाली, म्हणजे मी भाकरी थापताना हा बघत बसणार का. मी म्हटलं, काचेचे डोळे आहेत. ती म्हणाली, मला माहितीय काचेचे आहेत.

मी फोन करायचं बंद केलं. त्या एका डोळ्याची वीस मिनिटं बघितल्यापासून मला "झालं का" विचारायला तोंडच उरलं नव्हतं.

परवा गुरुवारी रात्री साडेनऊला मेसेज आला. शब्द एकही नाही, फक्त फोटो. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली कानतुट्या. चेहऱ्यावर डोळ्यांच्या कडेनं, नाकाशी, सगळीकडं टाचण्या टोचलेल्या, वाळताना कातडं आकसू नये म्हणून, आणि दोन्ही कानांना पुढून मागून पुठ्ठे लावून क्लिपा मारलेल्या. नाक अजून बिनरंगाचं, राखाडी. दवाखान्यातनं घरी न सोडलेल्या पेशंटसारखा दिसत होता. मी लगेच डावा कान मोठा करून बघितला. पुठ्ठ्यामुळं कान झाकला होता, पण म्हाताऱ्यानं पुठ्ठासुद्धा त्या खाचेच्या आकारात कापला होता, कडेकडेनं, व्यवस्थित.

फोटो आईला पाठवला. तिकडं सकाळचे आठ, लगेच कॉल आला. टाचण्या का लावल्यात, दुखत नसंल ना आता, असं विचारलं, मग स्वतःच हसली. मग म्हणाली त्याचा गुडघा कसा आहे विचारलास का. नव्हतं विचारलं. विचारलं. बरा आहे म्हणाला, जिना चढताना दुखतो, आणि तीन आठवडे वाळू दे, मग रंग, मग ये.

बायको आता कालनिर्णय लावायला दुसरी जागा शोधतेय, फ्रीजला चुंबकानं लावलं तर खाली घसरतंय.